एका ट्यूबमधले दोघं

"मॅडम, एक मिनिट येता का?"

आपला आवाज इतका साधा निघाला, याचं मेलरॉयलाच कसंतरी वाटलं. पंखा जरा कमी कर म्हणतात ना, तसा आवाज. समोर स्क्रीनवर एक रेघ उठली होती. बाकीच्या रेघा अजून तळाला लोळत पडलेल्या. निरोगी माणसांच्या रेघा अशाच लोळतात, पार शेवटी उठल्या तर उठल्या, नाहीतर नाहीच. आणि ही एक सगळ्यांच्या आधी, घाईघाईने वर चढून सरळ हार्टच्या पेशंटांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली, जशी काय त्यांच्याच घरची. त्याने प्लेटचा नकाशा बघितला. प्लेटला बारीक बारीक खड्डे असतात, प्रत्येकात कुणाच्या तरी रक्ताचा अंश. या खड्ड्यातला माणूस कंट्रोल होता. कंट्रोल म्हणजे धडधाकट माणूस, ज्याच्याशी आजाऱ्यांना ताडून बघायचं. माणूस तरी कसला, माणसं. कंट्रोलचा माल नेहमी कमी पडायचा म्हणून दोघादोघांचं रक्त एका ट्यूबमध्ये ओतायची मुलुंडच्या त्या लॅबमध्ये पद्धत होती. त्याला पूल म्हणायचे. आत कोण आहे ते रन लावणाऱ्याला कळायला नको, असा नियम. पण या ट्यूबवरचा नंबर हिरव्या शाईत होता. काळा मार्कर ऐनवेळी सुकला, म्हणून त्याने आपल्या बहिणीचा, किम्बर्लीचा, काचेवर रंगवायचा पेन शेवटच्या दोन नळ्यांसाठी उचलला होता. मग त्या दोन नळ्या त्यानेच एकत्र केल्या आणि तोच पेन पुन्हा वापरला, का तर सारखं दिसायला. त्या दोन नळ्यांतली एक पपाची होती. दुसरी त्याची स्वतःची.

अनुपमा मॅडम आल्या, चष्मा डोक्यावरून नाकावर आणला आणि वाकल्या. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. असल्या वेळी असलं काहीतरी लक्षात येतं.

"हे ४९९ आहे?"

"हो मॅडम." हृदयाच्या स्नायूतनं सुटणारं मायक्रोआरएनए. नाव लांबलचक होतं, लॅबमध्ये नुसता आकडा बोलायचे.

"ट्यूब लालसर होती का? लाल पेशी फुटल्या की आकडा बिघडतो."

"नाही. स्वच्छ पिवळा प्लाझ्मा."

"परत लाव."

"लावलं. हा तिसरा रन आहे. तेच येतंय."

"कधी घेतलंस हे रक्त?"

"ऑक्टोबरात. आमच्या गावात, बोरिवलीच्या गावठाणात. आगेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी."

"आगेरा म्हणजे?"

"नवीन भाताचा सण मॅडम. लोंब्या चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात. मग जेवण, बॅन्ड, रस्सीखेच..."

"रस्सीखेच?" मॅडम सरळ झाल्या. "आदल्या दिवशी गावभर दोरी ओढली, आणि दुसऱ्या दिवशी तू त्यांना निरोगी म्हणून टोचत बसलास? अरे स्नायू ओढला तरी हे थोडंफार सुटतं! अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस?"

शिव्या खाताना मेलरॉयला एकदम हलकं वाटलं. दोरी! दोरीच असणार. पण हे हलकेपण जेमतेम एक श्वास टिकलं, कारण पुढचं त्याला आधीच सुचलं होतं आणि तोंडातनं निघूनही गेलं. "दोरी सगळ्यांनीच ओढली मॅडम. बाकीचे पूल गप्प आहेत."

मॅडमनी प्लेटचा नकाशा जवळ ओढला. मग त्यांनी विचारलं, कोण दोघं आहेत यात? नियमाप्रमाणे त्यांनी विचारायला नको होतं आणि त्याने सांगायला नको होतं.

"एक माझा पपा."

"आणि?"

"मी. एक जण सुई बघून पळाला. संख्या भरायची होती."

"स्टाफचं रक्त घ्यायचं नाही हे किती वेळा..." त्या मधेच थांबल्या. "वेगळं काही उरलंय? दोघांचं?"

"नाही. सगळं ओतलं."

"मग आता काय, चहातनं साखर वेगळी काढणार?" बोलून गेल्यावर त्यांनाच ते आवडलं नसावं. खुर्ची ओढून बसल्या. "परत रक्त घेऊन काही कळणार नाही. तीन महिने झाले. हे एकदोन दिवसांत निघून जातं. आणि हे बघ मेलरॉय, ही तपासणी नाही, हा रिसर्च आहे. यावरून कोणाला आजारी ठरवायचं नाही. मी कागदावर काही लिहिणार नाही." मग उठता उठता, त्याच्याकडे न बघता, "दोघांना ट्रेडमिलवर चालव. मी बोलले नाही."

बोरिवलीपर्यंतच्या रस्त्यावर तो स्कूटर चालवत होता की स्कूटर त्याला, कळत नव्हतं. पवईचा तलाव कधी गेला ते दिसलंच नाही. गावातल्या लोकांना ओट्यावर बसवून आपण काय सांगितलं होतं ते आठवत राहिलं. हृदयाच्या पेशीला मार बसला ना, की तिच्या आतले बारीक तुकडे रक्तात सुटतात. गल्लीत कोणाकडे तोडफोड चालू असली की धूळ आधी आपल्या ओट्यावर येते, आणि धुळीचा रंग बघून आपल्याला कळतं, लाद्या कोणाच्या फुटल्या. तसं आम्ही रक्तातली धूळ बघतो. आणि पपा मागनं ओरडला होता, "मग बिल्डरचं रक्त बघ की रं, आख्खं गावठाण सापडेल त्यात!" सगळे हसले होते. पपाने स्वतःच बाही वर केली होती, शेवटून दुसरा. त्याची शीर अशी दोरखंडासारखी वर आलेली, सुई लावायचा अवकाश. स्वतःची शीर मात्र मेलरॉयला सापडेना, किम्बर्लीने हात दाबून धरला तेव्हा मिळाली. आदल्या दिवशी दोरीच्या एका टोकाला लग्नवाले होते आणि दुसऱ्या टोकाला सडे. पपा तिकडे पहिला, मेलरॉय इकडे शेवटचा. तेहतीस वर्षांचा सडा म्हणून लोकांनी चिडवलं, तो चिडला आणि जीव खाऊन ओढत राहिला. सडे हरले. रात्री मम्माने केलेलं डुकराच्या मांसाचं इंद्याल त्याला चावता येईना, जबडा ठणकत होता. "दोरी दातांनी ओढलीस का रं?" पपा म्हणाला, आणि मेलरॉयच्या ताटातलं मांस उचलून खाल्लं.

पपा एकसष्टचा. काच कारखान्यात भट्टीसमोर आयुष्य काढलं, कारखाना बंद पडल्यावर लग्नाच्या बॅन्डमध्ये ट्रम्पेट वाजवायला लागला. बिडी सुटली तरी उशिरा सुटली. बाटलीत ठासून भरतात त्या बाटली मसाल्यातलं तेलकट मांस, सणाला दोन पेग. सगळं जुळत होतं. लॅबमध्ये कुणी विचारलं असतं, या दोघांत कोण, तर कुठल्याही पोराने म्हाताऱ्याकडे बोट केलं असतं. मेलरॉय हे सगळं डोक्यात मांडत होता, हुशार माणसासारखं मांडत होता, आणि कांदिवलीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे मांडणं नाही, मागणं आहे. पपाचं असू दे. असं वाक्य होतं ते. पूर्ण, व्याकरणासकट, त्याच्याच आवाजात. त्याने ते पुसायला बघितलं. पपाचं असू दे, त्याचं सगळं बघून झालंय. बाजूचा रिक्षावाला ओरडला, "ओ भाई, ग्रीन है, सो गया क्या?" तो निघाला, पण वाक्य मागच्या सीटवर बसून घरापर्यंत आलं.

घराच्या मागल्या बाजूला ट्रम्पेट चालू होतं. शनिवारी गावातल्या एका मुलीचं उंबराचं पाणी होतं, लग्नाच्या आदल्या दिवशी बॅन्ड लावून विहिरीवर पाणी भरायला जातात ते, त्याचा रियाज. मेलरॉय गाडी लावून भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने ती धून लहानपणापासून ऐकलेली. एक लांब सूर असतो मधे, तो पपा एका श्वासात न्यायचा, बॅन्डमधली तरणी पोरंसुद्धा मधे तोडायची. मेलरॉय त्या सुराची वाट बघत होता. आला. चालला. चालतोय. कुठे थरथरतोय का? कुठे फाटतोय का? तो कान देऊन शोधत होता, आणि सूर सरळ, काचेच्या नळीसारखा, जिथे संपायचा तिथे जाऊन संपला.

"तिथं भुतासारका का उभा?" मम्मा, मार्सेलिना, पाखडायचं सूप घेऊन बाहेर आली. "तोंड का असं रं? कामावरनं काढलं का तुना?"

"नाही गं. भूक लागलीय."

जेवताना त्याने पपाकडे इतक्यांदा बघितलं की पपा शेवटी म्हणाला, "माज्या तोंडावर शीत लागलंय काय?" त्याने नाही म्हटलं. आणि मग त्याला विहीर आठवली. का आठवली कोण जाणे, पपाच्या ओल्या हाताकडे बघून असेल. तो सहा-सात वर्षांचा असेल. गावच्या विहिरीत पपा त्याला पोहायला शिकवत होता. पाठीखाली पपाचा हात होता तोवर आभाळ, उंबराची पानं, सगळं झकास. मग हात निघाला. पाणी नाकातोंडात गेलं आणि मेलरॉयने हाताला लागलं ते धरलं. ते पपाचं डोकं होतं. तो त्याच्यावर चढला. खांद्यावर पाय, डोक्यावर हात, आणि सगळा जोर लावून पपाला खाली दाबून स्वतः वर आला. हवा किती गोड लागते हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पायाखाली पपा हलत होता. पपा हलतोय हे त्याला कळत होतं. तरी त्याने पाय काढला नाही. काठावरच्या कुणीतरी दोर टाकला, मग पपा वर आला, नाकातनं पाणी काढत हसत सुटला, "बघा, बघा, जगंल हा! कुटंबी जगंल!" गावात ती गोष्ट कितीतरी वर्षं विनोद म्हणून सांगितली जायची. मेलरॉयही हसायचा. आज हसू येईना. पायाच्या तळव्याला पपाचा खांदा अजून लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवाला गल्लीच्या तोंडाशी सिलिंडर टाकून गेला, गल्लीत त्याची गाडी शिरत नाही. सिलिंडर नेहमी मेलरॉय आणतो, वरच्या खोलीत लाकडी जिन्याने चढवतो. आज तो ओट्यावर बसून म्हणाला, "पपा, तू आणतोस? माझी पाठ धरलीय." पाठ बिठ काही धरली नव्हती. पपा उठला, लुंगी खोचली, गेला. मेलरॉय बघत बसला. लॅबमध्ये बसतो तसाच बसला, पुढे वाकून, हात गुडघ्यांवर. पपाने सिलिंडर खांद्यावर घेतला. मान लाल झाली. कपाळावर घाम आला का? आला. पण घाम कुणालाही येईल. जिन्यावर अर्ध्यात थांबला. मेलरॉय अर्धवट उठला, आणि त्याच्या छातीत जे काही उसळलं त्याला भीती म्हणता आलं असतं, पण नुसती भीती नव्हती ती. मिळालं, असं काहीतरी त्यात होतं. पपा फक्त लुंगी सावरायला थांबला होता. वर गेला, धाडकन सिलिंडर ठेवला, वरूनच वाकून बघितलं.

"बघतोस काय? मेलो नाय मी!"

मेलरॉयला वाईट वाटलं. पपा धडधाकट आहे याचं वाईट वाटलं. त्याने ते वाईट वाटणं उलटसुलट करून बघितलं, दुसरं काही निघतंय का, पण तेच निघालं. आतल्या मोरीत जाऊन त्याने नळ सोडला आणि नुसता उभा राहिला. आरशात तोच होता. जाड केस, नीट दाढी, जिमचे पैसे भरून न गेलेला. मम्माचा भाऊ याच वयाच्या आसपास बाजारात मासे घेताना बसला तो उठला नाही, हेही त्याला आत्ताच आठवायचं होतं.

बाहेर आला आणि सांगून टाकलं. मम्मा तांदूळ निवडत होती, पपा ट्रम्पेटचं तोंड फडक्याने पुसत होता. जमेल तसं सांगितलं, की त्या दिवशीच्या रक्तात हृदयाची धूळ सापडली. जास्त सापडली. कदाचित काही नसेलही, दोरीमुळे असेल. कुणाची ते कळायचा मार्ग नाही.

पपाने पुसणं थांबवलं नाही. "तुजं रगत पण त्यातच?"

"हो. एकत्र केलं होतं."

"मग माजंच असंल."

"कशावरून?"

"मना कळतं ना. हाय तरास. डावा हात भरून येतो. दरदरून घाम सुटतो. चार पावलं चाललो की छातीवर कोणीतरी बसल्यासारकं होतं."

"कवा?" मम्माच्या हातातनं सूप कललं. "कवा झालं तुना? बाजूला निजते मी, मना कसं नाय सांगितलं? मघाशी सिलिंडर नाचवत नेला तो कोणी?"

"तू गप बस गं."

डावा हात, घाम, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं. हे सगळं त्यानेच सांगितलं होतं ओट्यावर बसून, ही लक्षणं असतील तर रक्त देऊ नका म्हणून. याच शब्दांत. याच क्रमाने. पपाने तेव्हा ऐकल्यासारखं दाखवलंही नव्हतं. आता ते पाठ केलेल्या प्रार्थनेसारखं घडाघडा बोलून तो परत ट्रम्पेट पुसायला लागला होता, जरा जास्तच जोरात. कान लाल झाले होते. पपाला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मेलरॉयला वाटलं, आत्ता म्हणावं की खोटं बोलतोयस तू. पण ते म्हणायचं तर दुसरंही म्हणावं लागलं असतं. कालपासून मी काय मागतोय ते.

"दोघांनी जायचं," तो म्हणाला. "दोघांची टेस्ट."

"तुना कशाला? पैसे जास्त झालेत?"

"दोघांनी म्हटलं ना."

लिंक रोडवरच्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर ती खोली होती. दारावर पडदा, आत चालायचा पट्टा, एक स्क्रीन, आणि स्क्रीनसमोर एक मुलगी, मधुवंती असं तिच्या कोटावर लिहिलेलं. तिने चिठ्ठ्या बघितल्या. "दोघं? बरं. पहिलं कोण?"

"मी," पपा म्हणाला. मेलरॉयने तोंड उघडायच्या आत म्हणाला, विहिरीत उडी मारल्यासारखा.

मधुवंतीने खाली बघितलं. "काका, चपलांवर नाही चालता येणार. बूट नाही आणले?"

पपाचे बूट एकच, काळे, चर्चचे. ते तो लग्नाला आणि मयतीला घालतो. "अनवाणी चालतो की! आमचं आयुष्य गेलं अनवाणी."

"नाही हो काका, पट्टा गरम होतो. यांचे बूट घाला ना."

"माझे होतात त्याला," मेलरॉय म्हणाला. दोघांचं माप एकच होतं. बूट काढायला तो वाकला. नाडीला हात लावला, आणि हात तिथेच थांबला. बूट द्यायचे, पपा पट्ट्यावर चढणार, आपण पडद्याबाहेर बाकावर बसून परत कान देणार. परत बघत बसणार, पुढे वाकून, हात गुडघ्यांवर. त्याने नाडी सोडायच्या ऐवजी आवळली.

"मी जातो आधी. मग घाल तू."

"अरे मी म्हटलं ना..."

"पपा, बस तिथं."

छातीवरचे केस काढले, तारा चिकटवल्या. जेल थंड होतं. पपा त्याचा शर्ट हातावर घेऊन पडद्यापलीकडे बसला, फटीतून त्याचा एक पाय दिसत होता, चप्पल काढून ठेवलेला, बुटाची वाट बघत असलेला. पट्टा सुरू झाला. हळू. मधुवंती स्क्रीनकडे बघत बोलत होती, कुठे काम करता, अरे वा, लॅबमध्ये, मग तुम्हाला सगळं माहीत असेल. पट्टा चढाला लागला. मेलरॉयला बरंच वाटत होतं. डावा हात ठीक. छातीवर कोणी बसलं नव्हतं. दम लागत होता, पण तो दम आळशाचा होता. त्याला वाटलं, होतंय, होऊन जाईल, आणि मग उतरून पपाला बूट द्यायचे, आणि तेव्हा... तेव्हा काय मागायचं? पट्टा अजून वर झाला. पाय धावायला लागले. आणि कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात, कुणीतरी अंगठा टेकवल्यासारखं झालं.

त्याला आधी हसूच आलं. दोरी दातांनी ओढलीस का रं. म्हणजे दात आवळले असणार परत. त्याने जीभ फिरवून बघितली. दात आवळलेले नव्हते. तोंड उघडं होतं, आ वासून तो हवा घेत होता. अंगठा दाबत चालला, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, खाली गळ्यापर्यंत. आगेऱ्याच्या दिवशी हेच होतं. हेच, इथेच. हृदयाचं दुखणं जबड्यातही उतरतं, हे त्याने ओट्यावर सांगायचं राहिलं होतं. इंद्यालाचा वाससुद्धा आला.

त्याने मधुवंतीकडे बघितलं. तिचं बोलणं थांबलं होतं. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. असं तोंड कसं करायचं ते त्याला माहीत होतं, आतल्या आत गाल ढिले सोडायचे आणि डोळे स्क्रीनवरून हलू द्यायचे नाहीत. तिने फोन उचलला.

"सर, एक मिनिट येता का?"

साधा आवाज. पंखा कमी कर म्हणतात तसा.

पट्टा हळू व्हायला लागला. "थांबू नका, चालत रहा, हळूहळू," ती म्हणाली, "कुठे दुखतंय का?" त्याने जबड्याकडे बोट केलं. पाय चालत होते. फटीतला तो एक पाय उठून उभा राहिला आणि पडदा बाजूला झाला. पपा दारात होता, अनवाणी, हातावर शर्ट. स्क्रीनमधलं त्याला काही कळण्यासारखं नव्हतं. तो फक्त मेलरॉयच्या पायांकडे बघत होता.

"झालं? दे बूट. माजी पाळी."

बाहेर कुणाची तरी पावलं घाईने येत होती. मेलरॉयने दांडी घट्ट धरली.

"पपा," तो म्हणाला, "चपला घाल तुझ्या."